मंगळावरची मागची भिंत

गेनबानाना कुणाच्याही घरी गेले की आधी घराच्या मागे जायचे. पुढच्या दारात यजमान "या, या" म्हणत उभा, आतून पाण्याचा तांब्या आलेला, आणि पाहुणा गायब! थोड्या वेळाने नाना दुसऱ्या बाजूने धोतराला कुसळं घेऊन उगवायचे, वहाणा काढायचे आणि मग कुठे तांब्याला हात लावायचे. पुतणीसाठी स्थळ बघायला गेले तेव्हाही त्यांनी हेच केलं. मागे न्हाणीत मुलाची आजी अंघोळ करीत होती. ते स्थळ मोडलं, पण मुलात काही खोट होती म्हणून नव्हे.

"पुढली भित पाव्हन्यासाठी आसती, गुरुजी," नाना मला सांगायचे, "मागली घरच्यांसाठी. घर कसं हाय ते मागल्या भितीला इचारावं."

नाना गवंडी होते. मिरजगावहून कर्जतकडे जाताना आत तीन मैलांवर आमचं गाव, आणि त्या गावातलं धड उभं असलेलं जे काही होतं ते बहुतेक नानांच्या हातचं होतं. लिहिता-वाचता येत नव्हतं. मापं लक्षात ठेवायला कमरेला सुतळी असायची आणि तिला गाठी. पण ती सुतळी उलगडून बघताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. वीस वर्षांपूर्वी बांधलेल्या गोठ्याच्या चौकटीची उंची विचारली तरी आभाळाकडे बघून बोटाच्या मापात सांगत. नाना आणि विसरणं या दोन गोष्टी गावाने कधी एकत्र पाहिल्या नव्हत्या. हे नीट ध्यानात ठेवा, कारण पुढे याच गोष्टीपायी मी तोंडघशी पडणार आहे.

मी त्या गावात शिक्षक म्हणून गेलो तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. माझ्याआधीचे चारही गुरुजी वर्षाच्या आत बदली करून निघून गेले होते. शाळेला इमारत नव्हती. वर्ग मारुतीच्या देवळात भरे, आणि शनिवारी तेल वाहायला येणाऱ्यांच्या रांगेतून मुलांची हजेरी घ्यावी लागे. तिथे मी आणि मारुती असे दोनच ब्रह्मचारी होतो, आणि गावाचा विश्वास दुसऱ्यावर जास्त होता. राहायला एक खोली मिळाली. पहिल्याच दिवशी एक उंच, काटकुळा म्हातारा येऊन खोलीच्या मागे गेला, परत आला आणि म्हणाला, "गुरुजी, ट्रंक त्या भितीला लावू नगा. दिवाळीपतूर बसंल ती." मी हसलो. बी. ए. झालेला माणूस असल्या गोष्टींवर विश्वास ठेवत नसतो. दिवाळीच्या सुट्टीत मी गावाला गेलो आणि भिंत बसली. ट्रंक होती तिथेच होती, फक्त आता ती पत्र्याचा चपटा डबा झाली होती.

त्या वयात मला दोन गोष्टींची पक्की खात्री होती. एक, मी मोठा लेखक आहे. दोन, ही गोष्ट अजून फक्त मलाच कळली आहे. माणूस चंद्रावर उतरून दोन-तीन वर्षं झाली होती. ती बातमी देवळाच्या पायरीवर बसून मीच गावाला वाचून दाखवली होती, त्यामुळे अंतराळ हा आपल्या अखत्यारीतला विषय आहे असं मी धरून चाललो होतो. मी मंगळावर एक विज्ञानकथा लिहिली. ती एका दिवाळी अंकात छापून आली. तो अंक पुढच्या वर्षी बंद पडला. या दोन घटनांचा संबंध मी आजवर नाकारत आलो आहे.

ती कथा मुंबईच्या एका दिग्दर्शकाच्या हाती पडली, आणि एके दिवशी धुरळा उडवीत त्यांची जीप देवळापुढे उभी राहिली. मराठीत अंतराळपट काढायचा, असं त्यांनी मनावर घेतलं होतं. सलग दोन वर्षं पावसाने दगा दिला होता. गावाच्या वरच्या अंगाला तांबड्या मुरमाचा माळ आहे. त्यावर तेव्हा गवताची काडी उरली नव्हती. साहेबांनी माळ पाहिला आणि टाळी वाजवली. "हाच मंगळ! हा तांबडा रंग कुठल्या स्टुडिओत मिळायचा नाही!" मीही जोरजोरात मान डोलावली. चित्रपट काळा-पांढरा निघणार आहे हे त्या दिवशी दोघांच्याही ध्यानात आलं नाही. नाना शेजारी उभे होते. ते एवढंच म्हणाले, "आपला माळ बघून सायबास्नी मंगळ आठवला. म्हंजे तितंबी दुष्काळच हाय."

साहेबांनी मला कथा वाढवायला सांगितली आणि वर म्हणाले, "गुरुजी, हा शेवट जमला ना, की तुम्ही या खेड्यात राहणार नाही. मुंबईला खोली बघून ठेवा." त्या एका वाक्यावर मी चार महिने तरंगत होतो. मुलांना पाढे म्हणायला लावून मी फळ्यावर माझी सही कशी दिसेल ते करून बघत असे.

कथा अशी होती. पृथ्वीवरचा एक शास्त्रज्ञ मंगळावर जातो, तिथल्या राजाच्या मुलीवर त्याचं मन जडतं, राजाचा वैरी महालात शिरतो, आणि शेवटी मंगळ हादरून महाल कोसळतो. शास्त्रज्ञ राजकन्येला घेऊन यानातून सुटतो. मला ती निर्दोष वाटत होती. सराव म्हणून मी ती नानांना वाचून दाखवली. ते उकिडवे बसून ऐकत राहिले.

"तितं मानसं ऱ्हात्यात न्हवं?"

"हो. प्रगत माणसं."

"मग पानी कुटनं आनत्यात?"

मी घरी जाऊन एक प्रवेश घातला. त्यात राजकन्येची आई, म्हणजे साक्षात मंगळाची राणी, कळशी घेऊन पाण्याला जाते. दुसऱ्या दिवशी नानांनी विचारलं, "आन चूल?" मी म्हटलं, ती माणसं स्वयंपाक करत नाहीत, गोळ्या खाऊन जगतात. नाना विचारात पडले. "गोळ्या गिळायलाबी पानी लागंल की." तिसऱ्या दिवशी ते वैऱ्यावर आले. "राजा फुडल्या दारातनं येतो. वैरीबी त्याच दारानं? राजा काय झोपलाय का? मागलं दार असल्याबिगर वैरी शिरतो कसा?" मी चिडून म्हणालो, "नाना, हा सिनेमा आहे." ते म्हणाले, "आसू द्या की. पर मानूस ऱ्हानार हाय न्हवं त्यात?"

महाल बांधण्याचं काम नानांकडेच आलं. साहेबांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "बांबू आणि तरट लावून पोकळ सांगाडा करा. समोरून दगडी दिसला पाहिजे. शेवटी दोऱ्या ओढल्या की धाडकन पडायला हवा. फिल्म एकाच खेपेपुरती आहे, दुसऱ्यांदा घेता येणार नाही. गवंड्याला नीट समजावून सांगा." आणि ते तीन आठवड्यांसाठी मुंबईला गेले.

आता मला माझी पंचाईत सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी लांबच्या एका कारखान्याच्या चाळीचं काम नानांनी अर्ध्यावर सोडलं होतं. ठेकेदार भिंती पातळ करा म्हणाला होता. "घर पाडायला घुशी हायत की," नाना त्याला म्हणाले होते, "त्याला गवंडी कशाला पायजे?" आणि थापी धुऊन पिशवीत टाकून चालत घरी आले होते. अशा माणसाला मी काय सांगू? नाना, पडेल असं घर बांधा? आज सांगू, उद्या सांगू करत मी शेवटी एवढंच म्हणालो, "नाना, मंगळाच्या राजाचा महाल बांधायचा आहे. समोरून भव्य दिसला पाहिजे." हे खोटं नव्हतं. फक्त अर्धं होतं.

नाना कामाला लागले. गावात रिकामे हात हवे तेवढे होते, पाणी मात्र प्यायला नव्हतं, तर चुना आणि चिखल कालवायला कुठून आणणार? पण दुष्काळी कामावरच्या तलावाच्या खोदाईत निघालेला दगड ढिगाने पडला होता. नानांनी कोरडी रचाई धरली. चुना नाही, माती नाही, दगडात दगड बसवायचा आणि फटीत कपच्या ठोकायच्या. एकेक दगड ते हातात फिरवून बघत, नाही बसला तर बाजूला ठेवत, आणि "ह्याची जागा यायचीय आजून" म्हणत. ते बघायला मी रोज संध्याकाळी माळावर जायचो आणि रोज ठरवायचो, आज सांगायचं. एक दिवस बघतो तर समोरची भिंत छातीला लागली होती, आणि मागे पाया खणला जात होता.

"नाना, मागची भिंत कशाला? कॅमेऱ्यात ती दिसणार नाही."

"दिसायला कशाला पायजे? धरायला पायजे."

सांगायची वेळ होती ती हीच. माझ्या तोंडून जे निघालं ते असं : "हो, तेही बरोबर आहे." मग आडव्या भिंती झाल्या, मागचं दार झालं, कोनाडे झाले, मोरीसुद्धा झाली. राजाच्या घरातलं सांडपाणी जाणार कुठे?

साहेब परतले ते महाल बघून हबकलेच. पण चुना-माती काहीच नाही, नुसते दगडावर दगड आहेत, हे ऐकल्यावर त्यांची कळी खुलली. "म्हणजे एका हिसक्यात येतील खाली! आणि खऱ्या दगडांचा परिणाम काही औरच!" माझाही जीव भांड्यात पडला. शेवटी देवानेच सोडवलं, असं मला वाटलं.

चित्रीकरणाच्या दिवशी पंचक्रोशी लोटली होती. महालाच्या दारात पुण्याहून आणलेला नट राजा होऊन, डोक्यावर पत्र्याचा मुकुट घालून उभा होता. शेवटच्या क्षणी त्याने उडी मारून निसटायचं होतं. भिंतींना दोर बांधले. एका बाजूला दोन बैलजोड्या, दुसऱ्या बाजूला जीप. नाना गर्दीत होते. दोर कशाला, म्हणून त्यांनी कुणाला तरी विचारलंही. साहेब ओरडले, कॅमेरा सुरू झाला, बैल ओढू लागले, जीप गुरगुरली. एक दोर तुटला. एक बैल खाली बसला. जीपची मागची चाकं मंगळाच्या मुरमात रुतली. राजाचा मुकुट घसरून नाकावर आला. महालातून एक कपची निखळून खाली पडली. तेवढंच. फिल्म संपली.

साहेबांचा चेहरा मी विसरणार नाही. ते गर्दीतून थेट नानांवर चालून गेले. "ए मिस्त्री! हे पडायला हवं होतं! अक्कल गहाण ठेवली होती का? तुला सांगितलं नव्हतं?" मग माझ्याकडे वळले. "गुरुजी, तुम्ही सांगितलं होतं ना याला?"

सगळं गाव माझ्याकडे बघत होतं. माझे विद्यार्थी, त्यांचे आईबाप, पाटील, तेल वाहणाऱ्या बाया. मला मुंबईची खोली दिसत होती.

"सांगितलं होतं की," मी म्हणालो.

नानांनी माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही, एखादा दगड हातात फिरवून बघावा तेवढाच. मग पागोटं काढलं, घाम पुसला आणि म्हणाले, "व्हय. सांगितलं हुतं गुरुजींनी. माझ्याच ध्यानात ऱ्हायलं न्हाई."

साहेब आणखी पुष्कळ बोलले. त्यांतले शब्द मी इथे लिहीत नाही. नाना खाली बघून ऐकत राहिले. जाता जाता माझ्याजवळ थांबून हळूच म्हणाले, "गुरुजी, आन पडलं आसतं तर त्यो राजा निसटला आसता व्हय? धा-धा शेराचं दगडं हायत वर." आम्हा शिकलेल्या माणसांपैकी एकाच्याही डोक्यात हे आलेलं नव्हतं.

मी त्याच दुपारी जीपच्या सावलीत बसून नवा शेवट लिहिला. यान उडतं आणि मागून आवाज येतो, "अशा रीतीने मंगळावरचं सारं काही नष्ट झालं." पडद्यावर तेव्हा महाल ठणठणीत उभा दिसतो.

पुढच्या यात्रेत मिरजगावच्या तंबूत तो चित्रपट लागला. सगळं गाव बैलगाड्यांनी गेलं. पडद्यावर माझं नाव आलं तेव्हा एक शिट्टी वाजली. त्यानंतर मी उपरणं तोंडावरून घेतलं ते शेवटपर्यंत काढलं नाही. मंगळावर शास्त्रज्ञ गळ्यात मफलर गुंडाळून श्वास घेत हिंडत होता, पण त्याचं कुणाला काही वाटलं नाही. बायकांना वाटलं ते राणीचं. पाण्याला गेलेली राणी परत आणायला मी विसरलो होतो. अर्ध्या खेळापासून बायकांच्या बाजूने सुरू झालं, "अगं, ती पान्याला गेल्ती ती बाई आली का?" "न्हाई अजून." "कुटं विहिरीत तर न्हाई ना पडली?" राजकन्या पृथ्वीवर निघाली तेव्हा एक म्हातारी मोठ्याने रडली. "आई यायच्या आत कुटं चालली गं!" आणि शेवटी आवाजाने सगळं नष्ट झाल्याचं जाहीर केलं, महाल दिसला, आणि तंबूत जी एकच टाळी पडली ती महालाला होती.

साहेबांचं पत्र कधीच आलं नाही. पण गावात मला कुणी एका शब्दाने डिवचलं नाही. गल्लीतून चाललो की माणसं "या गुरुजी" म्हणायची, विषय निघाला तर दुसरंच काही काढायची. याचं श्रेय मी माझ्या भारदस्त व्यक्तिमत्त्वाला देत आलो. थट्टा व्हायची ती नानांची. "नाना, जेवलात का, का इसरलात?" नाना हसायचे. मिरजगावच्या एका शेठजींना दुमजली घर बांधायचं होतं. असं घर आपल्या हातून एकदा व्हावं, ही नानांची फार दिवसांची इच्छा होती, आणि शेठजींनी शब्दही दिला होता. ते काम कर्जतच्या गवंड्याला गेलं. शेठजी म्हणाले, "गेनबाच्या हल्ली ध्यानात ऱ्हात न्हाई म्हनं." हे मला कळलं त्या रात्री मी जेवलो नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी जेवलो.

त्यानंतर मी नानांशी बोलायचा पुष्कळदा प्रयत्न केला. "नाना, त्या दिवशी माळावर..." एवढं म्हटलं की ते ओळंबा सोडून भिंतीकडे बघायला लागत. "ऱ्हाऊ द्या गुरुजी. ह्यो कोना बघा कसा आलाय." दुष्काळ सरल्यावर नानांनी महालावर पत्रे चढवले आणि शाळा देवळातून तिथे आली. राजाच्या दरबारात चौथी बसायची, वैऱ्याच्या मागच्या दाराने पहिलीची पोरं पळून जायची. मी बदलीचा अर्ज दोनदा लिहिला आणि दोनदा फाडला. पुढे त्याच गावात लग्न झालं, मुलं झाली, आणि मंगळावर माझी एकतीस वर्षं गेली.

नाना गेले ते शाळा माळावर येऊन दहा वर्षं झाल्यावर. ओढ्याकाठी दहाव्याला सगळं गाव जमलं होतं. आमच्याकडे दहाव्याला चार माणसं उठून मेलेल्याविषयी बरं बोलतात. सरपंच बोलले, पाटील बोलले. मग मी उठलो. दहा वर्षं जे गिळलं होतं ते आज सगळ्यांसमोर सांगायचं ठरवून आलो होतो.

"नाना काही विसरले नव्हते," मी म्हणालो. "त्या दिवशी मी त्यांना सांगितलंच नव्हतं. मी खोटं..."

बायकांच्या घोळक्यातून सोनाकाकू, नानांची बायको, म्हणाली, "बसा गुरुजी. समद्यास्नी ठावं हाय."

मी तसाच उभा राहिलो.

"ते काय इसरनारे हुते व्हय?" सोनाकाकू पदराने डोळे पुसत म्हणाली. "त्याच दिशी सांजच्याला घरोघर जाऊन सांगून आले, मागल्या दारानं. म्हनले, गुरुजींला कोनी काय बोलायचं न्हाई. मला बोला काय बोलायचं ते. मानसाला तोंड दाखवायला जागा न्हाई ऱ्हायली की त्यो गाव सोडतो. आदीच चार गेल्यात. ह्योबी गेला तर पोरास्नी शिकवनार कोन? त्या मिरजगावच्या शेठला तेवढं खरं वाटलं, त्याला कोन काय करनार."

समोर माझ्या हाताखालून गेलेली पोरं बसली होती, आता मिशा फुटलेली. दहा वर्षं मला कुणी का डिवचलं नाही, ते मला तेव्हा कळलं. मला रडू आवरेना.

मी खाली बसलो. शेजारच्याने सरकून जागा करून दिली.